रंग सपाट नसतो

नवं घर लागलं, रंगकाम उरकलं, सोफा आला, की त्यामागची रिकामी भिंत डोळ्यांत भरते. अशा भिंतीवर हल्ली एक छापील चित्र हमखास येतं: वर केशरी, खाली गडद तांबडा, मध्ये धूसर होत गेलेली कड. माणूस नाही, झाड नाही, नुसता रंग. या शैलीला कलर फील्ड म्हणतात. १९५० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये मार्क रॉथको, बार्नेट न्यूमन आणि क्लिफर्ड स्टिल यांनी ती घडवली. या चित्रांत रंग हाच विषय असतो. त्यामुळे प्रिंट घेताना शाई, कागद, आकार आणि भिंतीवरचा उजेड या बाबी दुय्यम राहत नाहीत, आणि गैरसमजही नेमके तिथेच होतात.

सगळ्यांत जुना समज म्हणजे, असं तर कुणीही रंगवेल. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात न्यूमनचं सुमारे साडेपाच मीटर रुंदीचं एक चित्र आहे, बहुतेक सगळं लाल. १९८६ मध्ये एकाने ते सुरीने फाडलं. दुरुस्त होऊन ते १९९१ मध्ये परतलं, तेव्हा जाणकारांना लालाची खोली गेलेली दिसली. तपासणीत कळलं की दुरुस्तीच्या नावाखाली लाल भागावर नव्याने रंग चढवला होता. रंग लालच होता, चित्र मात्र गेलं होतं. न्यूमनने तो लाल थरावर थर देत आणला होता. रॉथकोही अगदी पातळ थर चढवी आणि रंगात अंडं, राळ असे पदार्थ मिसळी. खालचा थर वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. आपल्याकडे नागपुरात जन्मलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंग चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. ते १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते. आपल्या कामाला अमूर्त म्हटलेलं त्यांना पटत नसे. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द ते पसंत करत.

ही चित्रं म्हणजे मनाला गारवा देणारी सजावट, असंही मानलं जातं. रॉथकोला हे मुळीच मान्य झालं नसतं. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतल्या एका महागड्या रेस्तराँसाठी त्याने चित्रांचं काम स्वीकारलं. पुढे त्या जागी जेवून आल्यावर त्याने ते सोडलं आणि घेतलेले पैसे परत केले. त्यातली नऊ गडद, तांबूस-काळी चित्रं आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहेत. घरात रॉथकोचं प्रिंट लावू नये, असा याचा अर्थ नाही. पण उशीच्या अभ्र्याशी रंग जुळतो म्हणून निवडलेलं चित्र फार दिवस पाहवत नाही, आणि ज्याच्यासमोर पाय थबकतो ते पडद्याशी न जुळताही टिकतं.

लहान खोलीला लहान चित्र, हा हिशेबही इथे चुकतो. १९५१ च्या प्रदर्शनात न्यूमनने सूचनाच लावली होती: मोठी चित्रं लांबून बघण्याची सवय असते, ही मात्र जवळून बघायची आहेत. नजरेच्या कडांपर्यंत रंग पोचावा, एवढाच त्यामागचा हेतू. वहीच्या पानाएवढ्या प्रिंटमध्ये तेच चित्र रंगांच्या नमुनापट्टीसारखं दिसतं. चार छोट्या फ्रेमांच्या खर्चात एक मोठं प्रिंट घेणं केव्हाही चांगलं.

मोबाइलच्या पडद्यावर दिसला तसाच रंग कागदावर येईल, ही अपेक्षाही धरू नये. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त परावर्तित करतो. झगझगीत केशरी आणि गर्द निळा छपाईत बरेचदा मंदावतात. चकचकीत काच लावली, तर गडद चित्रात समोरची खिडकीच दिसत राहते; तिथे मॅट कागद आणि परावर्तन रोखणारी काच उपयोगी.

आणि चांगलं प्रिंट विटत नाही, हा समज तर फार महागात पडतो. मूळ चित्रंसुद्धा विटतात. हार्वर्ड विद्यापीठात १९६४ मध्ये रॉथकोची पाच मोठी चित्रं मोठ्या खिडक्यांच्या भोजनकक्षात लागली. त्यातला लिथॉल रेड हा रंग उन्हाने इतका उडाला की १९७९ पर्यंत ती हलवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली, तेव्हा गेलेला रंग भरून काढणारा प्रकाश प्रोजेक्टरने त्यांच्यावर पाडला होता. चित्राला हातही न लावता केलेली ही दुरुस्ती कमालीची नाजूक होती. घरी तेवढा खटाटोप शक्य नाही, म्हणून आधीच पिगमेंट शाईचं प्रिंट मागावं आणि पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळावी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही नको; फ्रेमच्या आत बुरशी चढली की सपाट रंगावर ठिपका लगेच उठून दिसतो.

प्रिंट म्हणजे नक्कल, हे मात्र अर्धसत्य आहे. कॅनव्हासमध्ये पातळ रंग मुरवण्याची रीत १९५२ मध्ये आणणाऱ्या हेलन फ्रँकेंथेलरने लाकडी ठशांची छापचित्रंही केली. तिचं २००० सालचं ‘मॅडम बटरफ्लाय’ ४६ ठशांतून, १०२ रंगांत, तीन कागदांवर छापलं गेलं. एकूण रुंदी सुमारे दोन मीटर. इथे छाप हीच मूळ कृती. अशा छापांवर चित्रकाराची सही आणि ‘३०पैकी ५वी’ अशा अर्थाचा क्रमांक असतो. कॅनव्हासच्या फोटोवरून काढलेलं प्रिंट वेगळं, आणि त्याला परवानगी लागते. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. त्यांच्या चित्राचं प्रिंट घेताना ते कुणाच्या परवानगीने छापलंय, हे दुकानदाराला आधी विचारावं.