दुधाच्या खाड्यांशेजारी

गेल्या महिन्यात माळा आवरताना जुन्या 'कालनिर्णय'ची चळत हाती लागली. सासूबाईंनी एकही टाकलेलं नव्हतं. १९९१ साली मी लग्न होऊन कोथरूडच्या या घरात आले, तेव्हापासूनची जवळजवळ सगळी तिथे होती. दोन वर्षांची तेवढी वाळवीने खाल्ली. तारखांच्या चौकटींत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याच्या खुणा, कामाच्या बाईंच्या सुट्ट्या, आणि त्यांना खेटून, पेन्सिलीच्या मुंगीएवढ्या अक्षरांत, पक्षी. 'परसात भारद्वाज.' 'पावशा पहाटे.' 'धोबी आला.' २०१६ मध्ये सासूबाई गेल्या. त्यानंतरचं अक्षर माझं आहे.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. जमिनीवर वर्षं मांडली आणि चौकटी वाचत गेले.

त्या वेळी आमचं घर बैठं होतं, वर मंगलोरी कौलं. मागे न्हाणीचं पाणी आळूला जायचं, कडेला शेवगा, कुंपणाशी आपोआप उगवलेला उंबर, आणि पलीकडे वेताळ टेकडीचा उतार. सासूबाईंना पक्ष्यांची शास्त्रीय नावं ठाऊक नव्हती. बरीचशी नावं त्यांनी स्वतःच पाडली होती. १९९३ च्या मार्चमध्ये एका चौकटीत 'तांबट सुरू' आहे. त्यांचं माहेर कसब्यात, तांबट आळीच्या जवळ. भांड्यावरच्या हातोडीचा ठोका कानात बसलेला, त्यामुळे उन्हं तापू लागली की येणारा तो एकसुरी 'टुक टुक' त्यांना लगेच ओळखू यायचा. पण पक्षी काही दिसत नसे. पुढच्याच वर्षी निराळी नोंद: 'कुंकवाचा हिरवा, उंबरावर.' म्हणजे पाठ हिरवी, कपाळ लाल, गळा पिवळा. पुढे कितीतरी वर्षं 'तांबट' वेगळा आणि 'कुंकवाचा हिरवा' वेगळा, अशा दोन पक्ष्यांच्या नोंदी शेजारी शेजारी चालल्या आहेत. २००१ च्या फेब्रुवारीत एका चौकटीत दोनच शब्द, खाली दोन रेघा ओढलेले: 'दोघे एकच!'

तो दिवस मला आठवतो. शेवग्याच्या वाळक्या फांदीवर तो बसला होता. ठोका देताना मान कधी इकडे, कधी तिकडे वळवायचा, त्यामुळे आवाज दर वेळी नव्याच दिशेने आल्यासारखा वाटे. आठ वर्षं त्याने आम्हाला असंच चकवलं होतं. "अगं, लवकर ये, हा बघ आपला तांबट!" म्हणून त्यांनी हाक मारली, तेव्हा मी कणकेच्या हाताने धावत गेले. ती वाळकी फांदी तोडायची असं आदल्याच आठवड्यात ठरलं होतं. तिच्यात त्याने चोचीने गोल भोक पाडून ढोली केली, आणि मग ती फांदी आपोआप गळून पडेपर्यंत कुणी तिला हात लावला नाही.

असाच घोळ शिंजिराचा. १९९६ साली न्हाणीघराबाहेरच्या तारेवर मादीने कोळ्याच्या जाळ्याने, सालपटांनी आणि कसल्याशा कचऱ्याने लोंबतं घरटं विणलं. नर निळा-जांभळा झळकत जवळपास असायचा, पण बांधकामात त्याचा काडीचाही हात नव्हता. सासूबाईंनी हे नोंदलं आहे, आणि तेही जरा रागानेच. पावसाळा सरता सरता 'निळा गेला' आणि थोड्याच दिवसांत 'पट्टेवाला आला' असं दर वर्षी येतं. त्या वर्षी मी रद्दीवाल्याकडून सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आणलं होतं. १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं ते पुस्तक माझ्याकडे जुन्या, सुट्या पानांच्या प्रतीत आलं. त्यातून उलगडा झाला. वीण आटोपली की नराचा झगमगाट उतरतो. तो मादीसारखा मातकट दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा राहतो. निळा कुठे गेलाच नव्हता. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्या पट्टेवाल्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अजून विसरले नाही.

२००७ मध्ये उंबरावर राखी धनेश आला, एवढंच मोठ्या अक्षरात आहे.

मला शोधायची होती चिमणी. ती कधी गेली, हे या चौकटींतून नक्की कळेल असा माझा भरवसा होता. सगळी वर्षं पालथी घातली. १९९१ पासून २००३ पर्यंत चिमणीची एकही नोंद नाही. भारद्वाजाची आहे, हळद्याची आहे, एकदा अंगणात उतरलेल्या हुदहुदाची आहे. चिमणीची नाही, कारण ती रोज होती. कौलांच्या वळचणीला, भिंतीवरच्या तसबिरीमागे, मीटरच्या पेटीत तिची घरटी असायची. पिल्लू खाली पडलं की आम्हीच उचलून वर ठेवायचो. रोज येणाऱ्याची नोंद कोण करतं? पहिली नोंद २००४ च्या जूनची आहे: 'चिमण्या फार दिवसांत नाहीत.' त्या दिवशी आम्हाला ते जाणवलं. त्या गेल्या कधी, हे त्याने कळत नाही.

म्हणून मी उलट्या बाजूने गेले, घराच्या नोंदी पाहिल्या. १९९९ मध्ये कौलं उतरवून स्लॅब टाकला. २००२ मध्ये मागच्या अंगणात फरशी बसवली आणि आळूचं आळं बुजवलं. त्याच सुमारास धान्य साफ करून पिशव्यांत येऊ लागलं, ओट्यावर सूप घेऊन बसणं थांबलं. लोक मोबाईलच्या मनोऱ्यांना दोष देतात. मला तसं म्हणवत नाही. २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात देशभरातली चिमणी एकंदरीत टिकून असल्याचं म्हटलं आहे. मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे, आणि मनोऱ्यांच्या लहरींमुळे ती गेल्याचा पुरावा नाही. चिमणी दाणे टिपत असली तरी पिल्लांना भरवते ते किडे आणि अळ्या. आमच्या आळूवर त्या ढीगभर असायच्या. ते आळं मीच बुजवायला लावलं होतं, डास होतात म्हणून. याचं मला आजही वाईट वाटतं.

२० मार्च हा चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो, आणि त्याची सुरुवात आपल्या नाशिकच्या माणसांनी केली. ते वाचून आम्ही लाकडी घरटं आणून टांगलं. चिमणी आली नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये दयाळाची जोडी त्यात राहायला आली. नर पहाटे साडेचारला पाण्याच्या टाकीवरून गायला सुरुवात करायचा, आणि सासूबाई तोवर उठून चहाचं आधण ठेवून बसलेल्या असायच्या. त्या उन्हाळ्यातल्या प्रत्येक चौकटीत फक्त 'द' आहे.

सगळ्यात गच्च भरलेलं पान २०२० च्या एप्रिलचं. टाळेबंदीत पक्षी परतले असं तेव्हा सगळे म्हणत होते, मीही म्हटलं असेन. आता ते पान मागच्या वर्षांशेजारी ठेवून पाहिलं, तर त्यातला एकही पक्षी नवा नव्हता. रस्ता गप्प होता आणि मी दिवसभर घरी होते, म्हणून तेच पक्षी जास्त ऐकू आले. शिंपी, नाचण, सुभग वर्षानुवर्षं तिथेच होते.

मुलीने मला फेब्रुवारीतल्या परसबागेतल्या पक्षिगणनेत ओढलं. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेली ही गणना भारतात २०१३ पासून होते. किमान १५ मिनिटं एका जागी थांबायचं आणि दिसेल, ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळासुद्धा, पारवासुद्धा. पहिल्या वर्षी मला ते कंटाळवाणं वाटलं होतं. पारव्यांची गर्दी कशाला मोजायची? त्या जुन्या चौकटी वाचल्यावर ते 'प्रत्येक' म्हणजे काय हे नीट समजलं.

पावसाने उघडीप दिली तशी फरशीच्या दोन ओळी उखडून परत आळू लावला आहे. डास होऊ नयेत म्हणून पाणी साठू न देता ते रोज वाहतं ठेवते. आज सकाळी साडेसातला त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि चौकटीत मावेना म्हणून तिच्याखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: कावळे ६, पारवे ११, साळुंक्या ४, बुलबुल २, शिंपी १ (आवाज), शिंजीर १, पट्टेवाला. चिमणी ०. धोबी अजून यायचा आहे.