ऑपरेशननंतरची रजा मागायची कोणाकडे?

आषाढात पावसाची झड लागली आणि बांधीत चिखल झाला, की आमच्या लाखांदूर तालुक्यात दिवसा घरी बसलेली बाई शोधून सापडत नाही. पहाटे स्वयंपाक उरकायचा, शिदोरी बांधायची आणि टोळीबरोबर रोवणीला निघायचे, हा चुलबंद-वैनगंगेच्या काठचा जुना रिवाज आहे. शिक्षिका किंवा परिचारिका आजारी पडली तर ती अर्ज लिहून रजा घेते. धानाच्या बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईने रजेचा अर्ज कोणाच्या नावे लिहायचा? स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर बाईला किती विश्रांती हवी, ती कशासाठी हवी आणि ती मिळवायची कशी, याचा आज विचार करू.

आपल्या देशातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आता स्तनाचाच आहे. आमच्या भागातील रुग्ण नागपूरला मेडिकलमध्ये किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जातात, काही थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. शस्त्रक्रिया होते आणि थोड्याच दिवसांत घरी पाठवतात. इथेच पहिला गैरसमज होतो. ‘सुट्टी झाली’ म्हणजे ‘बरी झाली’ असे घरचे समजतात. दवाखान्यातून मिळाली ती खाटेची सुट्टी. कामाची सुट्टी तिथून पुढे सुरू होते.

पूर्वी हे ऑपरेशन फार मोठे असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. हाल्स्टेड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. हात जन्मभर सुजलेला राही. पुढे डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की सुरुवातीच्या अवस्थेत फक्त गाठ काढून नंतर किरणोपचार दिला तरी बाई तितकीच वर्षे जगते. आज अनेकींचे स्तन वाचतात, तर काहींचा पूर्ण काढावाच लागतो. काखेतल्या एक-दोन गाठी तपासून भागते की सगळ्या काढाव्या लागतात, यावरही पुढची विश्रांती अवलंबून असते.

साधारण हिशेब असा. फक्त गाठ काढली असेल तर घरातली हलकी कामे एक-दोन आठवड्यांत करता येतात. पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर जखम भरून हात मोकळा व्हायला चार ते सहा आठवडे धरावेत. जखमेतून पाणी काढण्यासाठी लावलेली नळी आठवडा-दोन आठवडे राहते. ती असताना भरलेली घागर, धानाचे पोते, लाकडाचा भारा आणि कडेवरचे मूल, चारही वर्ज्य. नळी निघाल्यावर कधी कधी काखेत पाणी साठून फुगवटा येतो. तो घरी दाबू नये, डॉक्टरांना दाखवावा.

मात्र विश्रांती म्हणजे खाट धरणे नव्हे. कित्येक बाया दुखण्याच्या भीतीने हात अंगाला चिकटवून ठेवतात. महिनाभराने खांदा असा आखडतो, की वेणी घालता येत नाही, लुगड्याचा पदर घेता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासूनच मूठ उघडावी-मिटावी, मनगट फिरवावे, कोपर वाकवावे. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये. नळी निघाली की सर्जनला विचारून भिंतीसमोर उभे राहावे आणि बोटांनी भिंत चढत वर जावे. जिथवर हात पोचला तिथे कोळशाने खूण करावी. उद्या खूण वर सरकली पाहिजे. इंग्लंडमध्ये खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ स्त्रियांवर अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांनी शिकवून सुरू केलेल्या व्यायामाने वर्षअखेर त्यांचा हात अधिक चांगला चालत होता आणि जखमेला त्रासही वाढला नव्हता.

काही वर्षांपूर्वी ऐन रोवणीत माझ्याकडे एक चाळिशीतली बाई टाके दाखवायला आली. ऑपरेशनला अठरा दिवस झालेले. सोबत सासू. टाके ठीक होते, पण बाईची नजर दाराबाहेरच्या आभाळाकडे. मी महिनाभर बांधीत उतरू नको म्हटल्यावर ती काही बोलली नाही. सासूच बोलली, “डाक्टरसाहेब, रोवणी गेली त साल गेला. आमी खावाचं काय?”

या प्रश्नाला औषधाच्या चिठ्ठीवर उत्तर नसते. मी म्हटले, “मावशी, टोळीच्या पोरांना कोण सांभाळते?” त्यांना युक्ती समजली. त्या साली टोळीतल्या बायांनी ठरवले, की हिने बांधीत उतरायचे नाही. गावात राहून सगळ्यांच्या चालत्या-बोलत्या पोरांवर लक्ष ठेवायचे, कोणाला उचलायचे मात्र नाही. बदल्यात टोळीने तिला मजुरीतून वाटा दिला. रजा अशीही मंजूर होते. मंजूर करणारे साहेब नव्हते, शेजारणी होत्या, एवढाच फरक.

रोवणीलाच एवढा विरोध का, असे कोणी विचारील. काखेतल्या गाठी हातातले पाणी वाहून नेतात आणि जंतूंना अडवतात. त्या सगळ्या काढल्या, की साधारण पाचांतल्या एकीला पुढे त्या हाताला सूज येते. एक-दोनच काढल्या तर शंभरात पाच-सहा जणींना. अशा हाताने तासन्‌तास वाकून चिखलात काम करायचे, त्यात धानाच्या पातीने चिरा पडायच्या, काटा रुतायचा, आणि त्यातून जंतू शिरले तर हात लाल होऊन तापच भरतो. त्यानंतर सूज कायमची बसू शकते. पण घाबरून तो हात जन्मभर निकामी ठेवायचा नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूज असलेल्या स्त्रियांना शिकवून, हळूहळू वजन वाढवत व्यायाम दिला. सूज वाढली नाही, उलट तिचा जोर होण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे काम वर्ज्य नाही, एकदम ओझे वर्ज्य आहे. पुढच्या साली रोवणी करावी. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. चिरा पडली तर लगेच साबणाने धुऊन औषध लावावे.

दुसरी गोष्ट, ही रजा एकदाच घेऊन संपत नाही. बऱ्याच जणींना जखम भरल्यावर केमोथेरपी लागते. ती साधारण महिना-दीड महिन्यात सुरू व्हावी. शेतीच्या हंगामापायी तीन महिन्यांपलीकडे लांबवली तर तिचा फायदा घटतो. बहुधा दर तीन आठवड्यांनी सलाईन असते. त्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. या दिवसांत चिखल, गर्दी आणि शिळे अन्न टाळावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर क्रोसिन देऊन वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. किरणोपचार पूर्वी पाच आठवडे चाले, आता अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत आटोपतो. तेवढे दिवस नागपुरात कोठे राहायचे, घरी गुरेढोरे कोण पाहील, हे आधीच ठरवावे. मुंबईला जाणाऱ्यांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा मोठा आधार आहे.

खर्चाचे काय? शस्त्रक्रिया, केमो व किरणोपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. बुडालेली मजुरी मात्र ही योजना देत नाही. अगदी गरीब घर असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करावा. त्यात कर्करोगासारखा दुर्धर आजार धरलेला आहे. सरकारी नोकरीतील बाईला शिल्लक अर्धवेतनी रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. एका दिवसासाठी दोन दिवस खर्ची पडतात. कामगार राज्य विमा योजनेतील कामगार महिलेला नेहमीच्या ९१ दिवसांच्या आजारपणाच्या लाभानंतर, दोन वर्षांच्या सलग विमित नोकरीची अट पुरी होत असेल, तर कर्करोगासाठी वाढीव लाभही मिळू शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि गाठीच्या तपासणीचा अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा. कौलातून गळणाऱ्या पाण्याने भिजलेला कागद कार्यालयात चालत नाही.

आता घरच्या पुरुष मंडळींना दोन शब्द. कर्करोग शिवाशिवीने होत नाही. बाईचे ताट-लोटा वेगळा ठेवू नका. लवकर कामाला लागल्याने रोग उलटतो असेही नाही आणि आराम केल्याने ती आळशी होते असेही नाही. ती ‘मला काही होत नाही’ म्हणेल, कारण आजवर तिला तसेच म्हणायची सवय आहे. तिच्या बोलण्यावर न जाता तिच्या हाताकडे बघा. हात सुजला, लाल झाला, जखमेतून पू आला, छातीवर नवी गाठ दिसली किंवा धाप लागली, तर आठवडी बाजाराची वाट न पाहता डॉक्टरकडे आणा.

बाकी महिनाभर विहिरीचे पाणी तुम्ही भरा. घागर काही जड नसते, असे आपणच आजवर तिला सांगत आलो आहोत.