खाडीकाठच्या मासेमारीसाठी ब्रेडेड दोरी: जाडी कशी ठरवावी

किनाऱ्यावरच्या कातळावरून, जेट्टीवरून किंवा खाडीतल्या लहान होडीतून रॉड आणि रीलने मासे धरताना सगळा ताण शेवटी दोरीवर येतो. कोकणात आणि गोव्यात या कामासाठी बरीच वर्षे नायलॉनचा एकसंध तंगूस वापरला गेला. आता त्याच्या जोडीला विणलेली, म्हणजे ब्रेडेड दोरी आली आहे. ती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंची असते. डायनीमा आणि स्पेक्ट्रा या नावांनी ओळखले जाणारे तंतू याच जातीचे. पॉलिएथिलीनवरूनच या दोरीला ‘पीई’ म्हणण्याची पद्धत पडली.

तिचे बळ चकित करणारे आहे. 0.165 मिमी जाडीचा नायलॉनचा तंगूस साधारण 4 पौंडांचा, म्हणजे पावणेदोन किलोंचा ताण सोसतो. तेवढ्याच जाडीची चांगली ब्रेडेड दोरी 7 ते 9 किलो सोसते, आणि शिवणकामाच्या दोऱ्यापेक्षा ती फारशी जाड दिसत नाही. शिवाय ती जवळजवळ ताणली जात नाही. नायलॉन ओढ बसली की बराच लांबतो, ब्रेडेड दोरी मात्र फार थोडी. त्यामुळे पन्नास मीटर दूर माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी ते हाताला कळते.

दोरी निवडताना सर्वांत मोठा घोटाळा वेष्टनावरच्या पौंडांच्या आकड्यामुळे होतो. दोन कंपन्यांच्या ‘30 पौंडी’ दोऱ्या शेजारी ठेवल्या तर जाडीत स्पष्ट फरक दिसू शकतो. छापलेले मिलिमीटरही पूर्ण भरवशाचे नसतात, कारण विणलेली दोरी मऊ असते, दाबली की चपटी होते आणि तिचा व्यास नेमका मोजणे कठीण जाते. यावर जपानी पद्धतीचा पीई क्रमांक अधिक विश्वासाचा, कारण तो वजनावर बेतलेला आहे. पीई 1 म्हणजे 200 डेनिअर: अशा 9000 मीटर दोरीचे वजन 200 ग्रॅम. क्रमांक दुप्पट झाला की दोरीतला माल दुप्पट होतो. मात्र हा क्रमांक प्रमाणाप्रमाणे छापणाऱ्या उत्पादकाचीच दोरी घ्यावी. स्वस्त दोऱ्यांवर तोही मनाला येईल तसा छापलेला असतो.

या क्रमांकामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. माल दुप्पट झाला की बळ साधारण दुप्पट होते, पण जाडी दुप्पट होत नाही, ती वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. पीई 1 ची जाडी 0.165 मिमी, पीई 1.5 ची सुमारे 0.205, पीई 2 ची 0.235, पीई 3 ची 0.285, आणि पीई 4 ची 0.33. म्हणजे पीई 1 च्या दुप्पट जाडी गाठायला थेट पीई 4 पर्यंत जावे लागते. वारा आणि पाण्याचा प्रवाह दोरीला ढकलतात ते जाडीच्या प्रमाणात, आणि मासा ओढतो ते बळाच्या भरवशावर. पीई 1 वरून 1.5 वर गेल्यास बळ दीडपट होते आणि जाडी केवळ 0.04 मिमीने वाढते. खाडीत मासे धरणाऱ्या सर्वसाधारण माणसाला हा सौदा फायद्याचाच आहे.

बारीक दोरीचे खरे फायदे तीन. ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, लांब जातो. तो खोल उतरतो, कारण पाणी दोरीला कमी अडवते. आणि भरती-ओहोटीच्या ओढीत दोरीला कमी पोट पडते. मुंबईच्या बाजूला उधाणाची भरती चार-पाच मीटरपर्यंत चढते, गोव्याकडे ती त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. म्हणून उत्तर कोकणातल्या खाडीच्या मुखाशी, पाणी जोरात वाहत असताना, जाड दोरीने हलका ल्युअर तळापर्यंत नेणे जवळजवळ अशक्य होते.

एवढे असूनही सगळीकडे बारीकच दोरी वापरता येत नाही, आणि त्याचे कारण माशाच्या वजनापेक्षा जागेत आहे. ब्रेडेड दोरीचे तंतू इतके बारीक असतात की ताणलेली दोरी कालवांनी भरलेल्या कातळाला घासली की एकेक तंतू तुटत जातो आणि क्षणात सगळी दोरी जाते. त्याच बळाचा नायलॉन जाड असल्याने असा घसारा अधिक सोसतो. उघड्या वाळूच्या पुळणीवर मोठा रावस लागला तरी त्याला पळू देता येते, अडथळा नसतो. कातळाच्या कपारीतला गोबरा किंवा कांदळवनाच्या मुळांत दबा धरून बसलेला जिताडा मात्र गळ लागताच घराकडे धावतो, आणि त्याला पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच थांबवावे लागते. लहान माशासाठीही तिथे जाड दोरी लागते ती यासाठी.

यावरून ढोबळ अंदाज असा बांधता येतो. वाळूचा किनारा, मोकळी खाडी आणि 7 ते 15 ग्रॅमचे ल्युअर असतील तर पीई 0.8 ते 1 पुरेशी. खाडीचे मुख, जेट्टी, 10 ते 30 ग्रॅमचे ल्युअर आणि 3000 किंवा 4000 आकाराचे रील यांच्यासाठी पीई 1.5. एकच दोरी घ्यायची झाल्यास हीच घ्यावी. कातळ, कांदळवन, जेट्टीचे खांब आणि मोठा जिताडा यांच्यासाठी पीई 2 ते 3. त्याहून जाड दोरी किनाऱ्याजवळ क्वचितच लागते.

रॉडवर छापलेली मर्यादाही पाहावी. रीलचा ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रील दोरी सोडू लागते तो ताण, सहसा दोरीच्या बळाच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवतात. पीई 1.5 ची दोरी 11 किलोंची धरली तर ड्रॅग तीन-साडेतीन किलोंचा, आणि हलक्या रॉडला तोही पुष्कळ होतो. अशा रॉडवर पीई 3 चढवून काहीच मिळत नाही: दोरी टिकेल, रॉड मोडेल. रीलवर मावणारी लांबीही घटते. जिथे पीई 1 ची 300 मीटर मावते तिथे पीई 1.5 ची 200 आणि पीई 2 ची 150 मीटर मावते.

विणीत किती पेड आहेत यानेही फरक पडतो. चार पेडांची दोरी खरखरीत, आवाज करणारी, पण घसाऱ्याला थोडी अधिक चिवट. आठ पेडांची गोल आणि गुळगुळीत, म्हणून लांब जाणारी. कातळाशी चार, मोकळ्या पाण्यात आठ, ही निवड समंजस ठरते.

ब्रेडेड दोरी थेट गळाला बांधू नये. पुढे मीटर-दीड मीटरचा नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर जोडावा, 20 ते 40 पौंडांचा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते आणि त्याचे तोंड खरखरीत, त्यामुळे तिथे नुसती ब्रेडेड दोरी टिकत नाही. हे पॉलिएथिलीन निसरडे असल्याने साध्या गाठी सुटतात. एफजी किंवा डबल युनी गाठ घालावी, आणि ती ओली करून आवळावी, कारण हा तंतू सुमारे 150 अंश सेल्सिअसला वितळतो आणि कोरड्या घर्षणाने गाठीतच दुबळा होतो. स्पूलवर दोरी घट्ट भरावी. सैल भरलेली बारीक दोरी मोठ्या ओढीत खालच्या थरांत रुतते, आणि पुढच्या फेकीत गुंतून ल्युअरसकट तुटते. स्पूलच्या तळाशी आधी थोडा नायलॉन गुंडाळला की दोरी धातूवर घसरत नाही.

तुटलेले तुकडे पाण्यात किंवा कांदळवनात कधीही सोडू नयेत. ही दोरी वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि बगळ्यांच्या पायांत व कासवांच्या वल्ह्यांसारख्या हातांत अडकून त्यांचा जीव घेते. तुकडे खिशात घालून घरी आणावेत, बारीक कापून कचऱ्यात टाकावेत.

रंग उडाला म्हणून दोरी बदलायची गरज नसते. बोटांतून फिरवताना तंतू पिंजल्यासारखे लागले तर मात्र तेवढा भाग कापावा. झीज बहुधा पुढच्या वीस-तीस मीटरांतच होते, त्यामुळे वर्षभराने दोरी उलटी भरली की आतला न वापरलेला भाग पुढे येतो आणि तीच दोरी आणखी एक हंगाम चालते.