किराईत आणि कॉकटेल

पेण-रोह्याकडच्या जुन्या घरांत कडू म्हणजे किराईत. रात्री काड्या पाण्यात भिजत टाकायच्या आणि सकाळी अनशापोटी ते पाणी नाक दाबून घशाखाली ढकलायचे. मग बक्षीस म्हणून गुळाचा खडा. कडू आधी, गोड नंतर, हा क्रम ठरलेला. दोन्ही एकाच पेल्यात घालून कुणी हौसेने पीत असेल, असे आमच्या स्वप्नातही आले नसते.

ते पाहिले पेणला, आत्याच्या घरी. तिचा नातू पुण्याहून तीन बाटल्या घेऊन आला. राय व्हिस्की, गोड व्हर्मुथ आणि मोठ्या कागदी वेष्टनात बुडालेली बिटर्सची चिमुकली बाटली. ‘राय’ म्हणजे राई समजून मोहरीची दारू कशी लागत असेल, याचे आत्याला कुतूहल. राय हे गव्हा-जवाच्या नात्यातले धान्य. अमेरिकी राय व्हिस्कीत ते निदान ५१ टक्के असावेच लागते. त्याने चवीला जरा तिखटपणा येतो.

या घरात बाटली येणे सोपे नव्हते. आतोबांची नोकरी रोह्याला. सुटल्यावर ते कुठे बसत हे सगळ्यांना ठाऊक होते, बोलत कुणीच नसे. पुढे यकृत गेले. शेवटची दोन वर्षे आत्या रोज सकाळी त्यांना किराइताचा काढा देत असे. गुण आला नाही. म्हणून नातवाने आधी विचारले. “करायचं तर माझ्यासमोर कर,” आत्या म्हणाली.

महाराष्ट्रात असल्या मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण हवीत, शिवाय पिण्याचा परवानाही हवा. १९४९च्या दारूबंदी कायद्याची ही खूण अजून शिल्लक आहे. नातू सव्वीसचा, परवाना खिशात. आतोबांनी असला कागद कधी पाहिला असेल का, कोण जाणे!

त्याने मापाने ६० मिलिलिटर व्हिस्की घेतली, ३० मिलिलिटर व्हर्मुथ, बिटर्सचे दोन शिडकावे. भरपूर बर्फ घालून अर्धा मिनिट नुसते ढवळले. हलवले तर हवेचे बुडबुडे शिरून पेय गढूळ होते. ढवळताना वितळलेले पाणीही कृतीचाच भाग. त्याने धार बोथट होते. गार पेल्यात गाळून वर संत्र्याची साल पिळली, तिचे तेल तेवढे उतरले. याला मॅनहटन म्हणतात. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या दिली ती अशी : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. म्हणजे कडवटपणा पहिल्यापासूनचा.

आत्याने पेल्याला हात लावला नाही. बिटर्सची बाटली मात्र नाकाशी धरली. “अरे, हे तर किराईत!”

ती फार चुकली नव्हती. बोलिव्हारच्या सैन्यातले जर्मन डॉक्टर सिगर्ट यांनी व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावी १८२४ साली हा अर्क केला तो पोटाच्या तक्रारींवरचे औषध म्हणून. त्यातले कडू मूळ जेन्शियनचे, आणि हिमालयातले काडेचिराईत त्याच कुळातले. (कोकणात किराईत म्हणून मिळते ती वनस्पती पुष्कळदा वेगळी असते, पण कडूपणात कुणी कुणाला हार जात नाही.) व्हर्मुथ हे नावही एका कडू झुडपाच्या जर्मन नावावरून पडले. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा त्याचाच भाऊबंद.

हे ऐकताना आत्याची नजर मापाच्या पेल्यावर होती. “एवढंच?” तिने विचारले. “एवढंच. तेही रविवारी,” नातू म्हणाला. तिने ते माप उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि स्वतः विसळून ठेवले. मला उगाच त्या काढ्याची वाटी आठवली.

व्हर्मुथ मुळात वाइन. उघडल्यावर ती बाहेर टिकत नाही, थंडीत ठेवून महिन्याभरात संपवावी लागते. नातू ती बाटली पिशवीत भरू लागला, तेव्हा आत्याने फ्रिज उघडला आणि कोकमाच्या आगळाची बाटली जरा बाजूला सरकवली.