लहानांचा फुटबॉल, मोठ्यांचा फुटबॉल



महाड आणि पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे धो धो पाऊस पडतो. सावित्री नदी दुथडी भरून वाहते. मैदानांत चिखल होतो आणि खेळ बंद पडतो. पुढे भातकापणी झाली, की खाचरे रिकामी होतात. जमीन कोरडी पडते. मग मुले धसकटे उपटतात, दोन्ही टोकांना दोन दोन दगड ठेवतात आणि खेळ सुरू होतो. कोठे कबड्डी, कोठे क्रिकेट, तर कोठे फुटबॉल!

अशा एखाद्या खाचराच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. वीस-बावीस मुले एका चेंडूमागे धावत आहेत. त्यांतला एक मोठा मुलगा सारखा ओरडत आहे, "तू मागे थांब! तू जागा सोडू नकोस!" आणि बांधावर एक लहान मुलगा इतरांच्या चपला सांभाळत बसला आहे. त्यालाही खेळायचे आहे. पण तो खेळला तर आपण हरू, अशी इतरांना भीती वाटते.

या मुलाला फुटबॉल कोणी शिकवायचा? उद्या तुमचे शिक्षक कदाचित तुम्हांलाच सांगतील, "पाचवीच्या मुलांचा सराव आजपासून तुम्ही घ्या." तेव्हा तुम्ही काय कराल? मोठ्यांचा सराव जसा चालतो, तसाच लहानांचाही घ्याल का? लहान मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, हे प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी ध्यानात घेतले पाहिजे.

प्रथम साहित्याचा विचार करू. मोठ्यांच्या सामन्यात पाच नंबरचा चेंडू वापरतात. त्याचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. दहा वर्षांच्या मुलाने हात वर करून उडी मारली, तरी वरच्या दांडीला त्याची बोटे लागणे कठीण. मग चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, तर त्यात त्याचा काय दोष? म्हणून साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा चेंडू देतात. त्याचे वजन ३५० ते ३९० ग्रॅम असते. त्याहून लहान मुलांसाठी तीन नंबरचा चेंडू असतो. गोलही लहान ठेवतात. तुमच्याकडे गोलचे खांब नसतील तर काही बिघडत नाही. दोन दगड जवळ सरकवले, की झाला लहान गोल!

आता थोडे गणित करू. बावीस मुले चाळीस मिनिटे खेळली आणि चेंडू एकच आहे. तो सर्वांना सारखा मिळाला, असे धरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटेसुद्धा येत नाहीत. खरे तर तो सर्वांना सारखा मिळतच नाही. जो धिप्पाड आणि चपळ असतो, त्याच्याच पायात तो राहतो. आता याच मुलांचे चार-चार जणांचे संघ करा. आठ मुलांमागे एक चेंडू द्या. त्याच चाळीस मिनिटांत प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतील. शिवाय मैदान लहान असल्यामुळे चेंडू कोणापासूनच फार लांब राहणार नाही. चेंडू पायाला लागल्याशिवाय फुटबॉल येत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली लहान मुलांसाठी 'गोल्डन बेबी लीग' सुरू केल्या, तेव्हा त्यांतही लहान मैदान आणि कमी खेळाडू हीच पद्धत ठेवली.

शिकवण्याची रीतही वेगळी असते. मोठे खेळाडू फळ्यासमोर बसून डावपेच समजून घेतात. प्रतिस्पर्धी संघ कोठे कमकुवत आहे, कोणी कोणाला अडवायचे, हे ते लक्षात ठेवतात. दहा वर्षांच्या मुलापुढे असे भाषण केले, तर त्याचे लक्ष झाडावरच्या पाखराकडे जाते. त्याला सांगण्यापेक्षा करून दाखवावे. एका दिवशी एकच गोष्ट शिकवावी. समजा, आज चेंडू थांबवायला शिकवायचे आहे. मग तेवढाच खेळ घ्या. दर चुकीला शिट्टी वाजवू नका. मुले चुकतील, हसतील आणि पुन्हा करून पाहतील. शिकणे त्यातूनच होते.

मोठ्यांच्या संघात गोलरक्षक, बचावपटू, आघाडीचा खेळाडू अशा जागा ठरलेल्या असतात. लहानांना मात्र एकाच जागेवर बांधून ठेवू नये. आज जो गोलरक्षक आहे, त्याला उद्या पुढे खेळू द्यावे. कोण कोठे चमकेल, हे दहाव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही.

मुलांच्या शरीराचाही विचार करावा लागतो. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेचा भाग असतो. हाड तेथेच लांबीने वाढते. त्या भागावर वारंवार ताण पडला, तर तो दुखावतो. म्हणून एखादा मुलगा गुडघ्याखाली दुखते म्हणाला, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याला विश्रांती द्या आणि त्याच्या घरी सांगा. डोक्याने चेंडू मारण्याबाबतही आता काळजी घेतली जाते. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्याची मनाई केली. इंग्लंडमध्येही २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांकडून सरावात हे करवून घेतले जात नाही. आणखी एक गोष्ट. डोंगरातल्या वाडीवरून चालत शाळेत आलेले मूल सरावाआधीच थकलेले असू शकते. त्याला आधी पाणी द्यावे, थोडे बसू द्यावे.

येथे एक खरी हकिकत सांगतो. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते मूळचे शाळेतील शिक्षक. या स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली आणि टाके घालावे लागले. तरीही ते पुढे खेळले, आणि तेही आघाडीला! अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. भारताच्या दोन गोलांपैकी एक जर्नेलसिंग यांचा होता.

ही हकिकत ऐकून आपली छाती अभिमानाने फुगते. पण ती पाचवीच्या मुलाला सांगून "तूही जखम विसर आणि खेळ" असे म्हणाल का? मुळीच नाही! जर्नेलसिंग जाणते होते. देशासाठी कोणता धोका पत्करायचा, हे त्यांना कळत होते. मुलाला ते कळत नाही. तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून धावतो. म्हणून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी तुमच्यावर असते.

मग मोठ्यांच्या आणि लहानांच्या सरावात सारखे काहीच नाही का? आहे. दोघांनीही वेळेवर यावे, पंचाचा निर्णय मानावा आणि हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवावा. या गोष्टी वयाप्रमाणे बदलत नाहीत.

मोठ्यांच्या प्रशिक्षकाला लोक विचारतात, "सामना जिंकलात का?" लहानांच्या प्रशिक्षकाने स्वतःला वेगळा प्रश्न विचारावा. काल किती मुले आली होती आणि आज किती आली? काल वीस होती आणि आज बारा आली, तर काल जिंकलेल्या सामन्याचे कौतुक कशाला? ती आठ मुले का आली नाहीत, याचा शोध घ्या. त्यांच्यात एखादी मुलगी असेल, तिला कोणी संघात घेतले नसेल. एखादा अंगाने बारीक असेल. बारा वर्षांची दोन मुले शेजारी उभी केली, तर एक खांद्याइतका आणि दुसरा उंच दिसतो. दोन-तीन वर्षांनी तोच बुटका कदाचित सर्वांच्या पुढे जाईल. पण तोपर्यंत तो मैदानावर टिकला पाहिजे ना?

तेव्हा मित्रांनो, सराव घ्यायला जाल, तेव्हा आधी बांधाकडे पाहा. तेथे चपला सांभाळत कोणी बसले असेल, तर त्याला हाक मारा. चपला कोठे जात नाहीत. त्या मुलाच्या पायात चेंडू द्या आणि मग शिट्टी वाजवा.