शेतातली प्रत्येक 'चिमणी' चिमणीच असते का? सारख्या दिसणाऱ्या पाखरांची ओळख आणि जपणूक

रब्बी ज्वारी निसवून दाणे चिकात भरू लागले की गावोगावी एकच तक्रार सुरू होते : चिमण्यांनी कणसं रिकामी केली. कृषी सहायकाच्या नोंदवहीतही बहुतेक वेळा 'पक्ष्यांमुळे नुकसान' एवढेच लिहिले जाते. पण कणसावर बसलेला थवा जरा थांबून पाहिला, तर त्यात घरच्या चिमण्या थोड्या आणि दुसरीच पाखरे जास्त, असे अनेकदा आढळते. मातकट रंग, आखूड जाड चोच आणि मुठीएवढा जीव असणारी किमान पाच-सहा प्रकारची पाखरे आपल्याकडे 'चिमणी' या एकाच नावाने ओळखली जातात.

ही केवळ पक्षीनिरीक्षकांची हौस नाही. यातली काही बाराही महिने इथेच राहून पिकावरच्या अळ्या टिपतात, काही फक्त हिवाळ्यात परदेशातून येतात. कुणाचे घरटे वळचणीला, कुणाचे झाडाच्या ढोलीत, तर कुणाचे थेट तुमच्या पडीक रानात जमिनीवर असते. त्यामुळे पीक राखायचे असो की पाखरू जपायचे असो, आधी ते कोण आहे हे कळायला हवे.

आधी घरची चिमणी नीट पाहा

बाकीच्यांची तुलना हिच्याशी करायची असल्याने हिची ओळख पक्की हवी. शास्त्रीय नाव पॅसर डोमेस्टिकस, लांबी साधारण १५ सेंमी. नराचा, म्हणजे चिमण्याचा, माथा राखाडी, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस तपकिरी पट्टा, गाल पांढुरके आणि हनुवटीपासून छातीपर्यंत काळा डाग. हा काळा डाग दिसला की प्रश्नच मिटतो. गोंधळ होतो तो मादीमुळे. ती अंगभर मातकट असते, डोळ्यामागे फिकट पट्टी आणि पाठीवर गडद रेघा असतात. पोटाकडून मात्र ती साधी, बिनरेघांची दिसते.

ही चिमणी माणसाच्या वस्तीला धरून राहते. वस्तीपासून दूर, मधल्या रानात शेकड्यांनी 'चिमण्या' उतरल्या असतील तर शंका घ्यावी.

मोठी झालेली चिमणी धान्य खाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पिल्लांना पहिले काही दिवस कोवळे किडेच लागतात. अळ्या, मावा, नाकतोडे असे काहीबाही चोचीत धरून नर-मादी दिवसभर फेऱ्या मारतात. पिल्ले घरट्यात जवळजवळ १५ दिवस असतात आणि एक जोडी वर्षात एकापेक्षा जास्त वेळा पिल्ले काढते. गोठ्याजवळच्या परसबागेत याचा फायदा आपोआप मिळत असतो.

रानातली पिवळ्या गळ्याची चिमणी

हिला रानचिमणी किंवा पीतकंठी चिमणी म्हणतात. आकार घरच्या चिमणीएवढाच, बांधा किंचित सडसडीत. ओळखीची सर्वांत सोपी खूण म्हणजे पाठ. घरच्या चिमणीच्या पाठीवर रेघा असतात, हिची पाठ सपाट राखट तपकिरी असते. खांद्यावर तांबूस डाग आणि पंखावर पांढुरक्या पट्ट्या असतात. गळ्यावरचा पिवळा ठिपका नरामध्येच नीट दिसतो, तोही उजेड चांगला असेल तर. मादीत तो अगदी फिकट असतो. म्हणून पिवळा रंग शोधत बसण्यापेक्षा पाठ पाहावी.

पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या हाती लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक वेगळीच चिमणी आली. ती कोणती हे विचारायला ते १९०८ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ती हीच पिवळ्या गळ्याची चिमणी. 'ही नेहमीची नाही' एवढे एका मुलाच्या लक्षात आले आणि तिथून त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला.

ही चिमणी दाणे आणि किडे खाते, तशीच मोहासारख्या झाडांच्या फुलांतला मधही पिते. घरटे मात्र तिला स्वतः कोरता येत नाही. तांबटाने किंवा सुताराने कोरून सोडलेली ढोली, नाहीतर जुन्या फांदीतली पोकळी तिला लागते. बांधावरचा म्हातारा आंबा, बाभूळ किंवा कडुनिंब 'वाळला, काय कामाचा' म्हणून उन्हाळ्यात तोडला जातो, आणि नेमका तोच तिचा विणीचा काळ असतो. चिमणीसाठी लाकडी पेट्या वाटण्याचे कार्यक्रम बरेच होतात. बांधावरची ढोलीची झाडे वाचवण्याचे मात्र फारसे कुणी मनावर घेत नाही. माझ्या मते शेतकऱ्याने करण्याजोगे हे काम अधिक मोलाचे आहे. झाड काढणे भागच असेल तर ढोलीत ये-जा आहे का हे दोन दिवस पाहावे, आणि असेल तर पावसाळा लागेपर्यंत थांबावे.

जमिनीवरचा डोंबारी

नांगरलेल्या रानात, माळावर किंवा गाडीवाटेच्या धुळीत बसलेली, जवळ गेल्यावर दबून राहणारी आणि अगदी पायाशी आल्यावर भुर्रकन उडणारी 'चिमणी' बहुधा डोंबारी चंडोल असते. नराचे पोट कोळशासारखे काळे, माथा राखाडी आणि गाल पांढुरके. मादी वाळूच्या रंगाची, घरच्या चिमणीच्या मादीसारखी, पण अंगाने लहान. नर हवेत वर चढतो, पंख मिटून खाली कोसळतो, पुन्हा सावरून वर जातो. या कसरतींवरूनच त्याला हे नाव पडले असावे. तो झाडावर बसत नाही, ही खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

त्याचे घरटे म्हणजे ढेकळाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला केलेला वाटीएवढा खळगा. भोवती बारीक खडे मांडलेले असतात आणि आत दोन-तीन अंडी. वखरणी-कोळपणी करताना एकाच जागेवरून पाखरू पुन्हापुन्हा उठत असेल, तर तिथे काडी रोवून हातभर जागा सोडावी. उन्हाळ्यात बांध आणि पाचट पेटवण्याची सवय या पक्ष्याला फार महागात पडते. जमिनीतला सेंद्रिय कर्बही त्यात जातो, तो तोटा आपला.

थव्यातली सुगरण आणि मनोली

पावसाळ्यात सुगरण ओळखायला अवघड नाही : नराचा माथा पिवळाधमक आणि विहिरीवर लोंबणारी घरटी. पण वीण संपली की नराचा पिवळा रंग जातो आणि नर-मादी दोघेही हुबेहूब चिमणीच्या मादीसारखे दिसू लागतात. तेव्हा चोच पाहावी. सुगरणीची चोच अधिक जाड आणि शंकूसारखी, तर शेपटी आखूड असते. रात्री त्यांचे थवे उसात किंवा पाणवठ्याच्या लव्हाळ्यात मुक्कामाला जातात. भात, बाजरी आणि ज्वारीचे दाणे हे पाखरू नक्की खाते. पिल्लांना मात्र तेही किडे भरवते. विहिरीवर झुकलेली बाभूळ छाटायची असेल तर घरट्यांचा हंगाम आटोपल्यावर, दिवाळीनंतर छाटावी.

मनोली चिमणीपेक्षा स्पष्ट लहान, ११-१२ सेंमीची असते. काही मनोल्यांच्या छातीवर खवल्यांसारखी नक्षी असते; पांढऱ्या गळ्याच्या मनोलीची शेपटी टोकदार काळी असते. गवताचे बी हे तिचे मुख्य अन्न. मनोल्या रंगवून, पिंजऱ्यात घालून विकायला आणलेल्या दिसल्या तर वन विभागाला कळवावे. रानपक्षी पकडणे आणि विकणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे.

हिवाळ्यातला पाहुणा : भारीट

रब्बी ज्वारीवर शेकडो-हजारोंनी उतरणारे पाखरू बहुतेकदा भारीट असते. काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा असे दोन भारीट पश्चिम व मध्य आशियातून पावसाळा सरताना येतात आणि मार्चच्या सुमारास परत जातात. ते चिमणीपेक्षा थोडे मोठे आणि लांब शेपटीचे असतात. नराचे पोट पिवळे असते, पण हिवाळ्यात त्याच्या डोक्याचा रंग मळकट पिसांखाली झाकलेला असतो. मादी तर चिमणीसारखीच मातकट. शेपटीखाली पिवळसर झाक दिसली तर ती भारीट. हुसकावले की सगळा थवा जवळच्या बाभळीवर जाऊन बसतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरतो. सोलापूर-मराठवाड्याकडच्या ज्वारी उत्पादकांना हे दृश्य नवे नाही.

म्हणजे घरच्या चिमणीच्या नावावर मांडलेल्या नुकसानीतला मोठा वाटा या पाहुण्याचा असू शकतो. त्यासाठी वळचणीतली घरटी काढून टाकण्यात काहीच हशील नाही.

पीक कसे राखावे

ज्वारीला खरा धोका दाणे चिकात भरल्यापासून ते पक्के होईपर्यंत असतो. राखण या काळातच नेटाने करावी, तीही सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर, कारण पाखरे त्याच वेळी जास्त उतरतात. गावात सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर निसवलेले एकटे शेत सर्वांत जास्त खाल्ले जाते. शेजाऱ्यांनी ठरवून एकाच आठवड्यात पेरणी केली तर नुकसान वाटले जाते आणि राखणही मिळून करता येते. हा उपाय बिनखर्चाचा आहे, म्हणूनच कदाचित दुर्लक्षित आहे.

चकाकणारी फीत पिकाच्या थोडी वर, पीळ देऊन, ऊन पडेल अशी बांधावी. बुजगावणे, डबा, गोफण हे सगळे चालते, पण जागा आणि आवाज दर दोन-तीन दिवसांनी बदलावा. पाखरे लवकर सरावतात. बियाण्याचा छोटा प्लॉट असेल तर कणसाला त्याच झाडाची पाने गुंडाळता येतात. कणसाचे तुकडे तोडून खाली पडलेले दिसले तर तो पोपट; चिमणीवर्गातले पाखरू दाणा दाणा टिपते.

विष घातलेले धान्य टाकणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे. ते तित्तर, होला, मोर कुणालाही ओळखत नाही आणि मेलेले पाखरू खाणारे कुत्रे-मांजरही दगावते. दाणेदार फोरेटवर देशात बंदी आहे; जुना साठा घरात असला तरी वापरू नये. कीटकनाशक लावलेले बी पेरताना मातीवर उघडे राहिले तर तेच पाखरांच्या पोटात जाते, म्हणून सांडलेले बी लगेच बुजवावे.

घरच्या चिमणीसाठी जागा

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालानुसार घरच्या चिमणीची संख्या देशभरात एकंदर स्थिर आहे, मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे. खेड्यातही कौलारू घराच्या जागी स्लॅब आला की वळचण जाते. अशा ठिकाणी पेटीचा उपयोग होतो. पेटीचे भोक सव्वा ते दीड इंच असावे, त्याहून मोठे केल्यास साळुंकी शिरते. भोकाखाली बसायला काडी लावू नये. चिमणीला ती लागत नाही, शत्रूला मात्र सोय होते. पेटी आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशी टांगावी. चिमण्या जवळजवळ घरटी करतात, म्हणून एकीऐवजी दोन-तीन पेट्या लावाव्यात. अंगणात थोडी मोकळी माती राहू द्यावी, पिसांतले कीटक घालवायला त्या धुळीत न्हातात. भात पट्ट्यात दाराला लोंब्यांचा झुबका टांगायची जुनी रीत आहे, तीही चालू ठेवावी.

कृषी सहायकांनी नुकसानीची नोंद घेताना पाखराचे नाव, थव्याचा अंदाज, वेळ आणि नुकसान कडेच्या ओळींत आहे की मध्यात, एवढे जरूर लिहावे. नाव कळत नसेल तर चोच आणि पाठ दिसेल असा मोबाइलवर फोटो काढावा. थवा उडून बाभळीवर बसतो, तेव्हा तो सहज मिळतो.