चुकलेल्या हाताला उत्तर देणारं साधन

येरवडा म्हटलं की पुणेकराला आधी तुरुंग आठवतो, मग मनोरुग्णालय. शिकण्याच्या साधनांच्या इतिहासातही या भागाला जागा आहे, हे मात्र सहसा बोलण्यात निघत नाही. १९२९मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. पुढे येरवड्यातल्या तुरुंगवासात गांधीजी स्वतःच चरख्याच्या खटपटीला लागले. त्यातून आलेला पेटीचरखा म्हणजे ‘येरवडा चक्र’.

अडचण मोठ्या चाकाची होती. चाक मोठं असेल तर सुताला पीळ देणारी चाती झपाट्यानं फिरते. पण तसलं धूड प्रवासात न्यायचं कसं? तोडगा निघाला दोन लहान चाकांचा. मुठीनं फिरवलेलं चाक माळेनं दुसऱ्याला ओढतं, दुसरं चातीला. वेग दोन टप्प्यांत वाढतो आणि झाकण लावलं की चरखा काखोटीला मारून निघता येतं.

शिकणाऱ्यासाठी खरी गंमत कातताना आहे. उजवा हात चाक फिरवतो, डावा कापसाचा पेळू मागे ओढतो. पीळ बसण्याआधी घाई केली की धागा तुटतो. रेंगाळलं की सुताला आटे पडतात. कुठे चुकलं ते बोटांनाच कळतं. चुकीच्या उत्तरावर नुसती लाल फुली दाखवणाऱ्या ॲपना एवढं अजून जमलेलं नाही.

१९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमच्या शाळांत टकळी, म्हणजे हातानं फिरवायची चाती, आली ती याच भरवशावर. सुताच्या मोजणीत ८४० यार्डांची एक गुंडी. अशा दहा गुंड्या एक पौंड भरल्या, तर सूत दहा नंबरचं. भागाकार शिकवायला वेगळं उदाहरण कशाला हवं?

पुण्यात हातानं शिकण्याची ही वाट खेळणीकार अरविंद गुप्तांनी वेगळ्या सामानानं चालवली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. त्यांचा चौकोन केला की दाबल्यावर कलंडतो, त्रिकोण तसाच राहतो. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते मूल स्वतः दाबून पाहतं. ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी खेळणी वर्षानुवर्षं घडवली.

त्याच त्रिकोणांचं मोठं रूप शिरूर तालुक्यातल्या पाबळला दिसतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. तिथले घुमट त्रिकोणी सांगाड्यांचे आहेत. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं तिथे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅबही आली. पण तिथल्या विद्यार्थ्यांची वेल्डिंग, सुतारकाम, शेती काही सुटली नाही.